मागून येणारा दात

बैल विकत घेणारा माणूस आधी त्याचं तोंड बघतो. एका हाताने वेसण धरायची, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने खालचा ओठ खाली ओढायचा आणि दात मोजायचे. आदत, दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला. बैलाला वरच्या जबड्यात पुढे दात नसतातच, त्यामुळे सगळा हिशेब खालच्या आठ दातांचा. गोऱ्हा साधारण दोन वर्षांचा झाला की मधले दोन दुधाचे दात पडून तिथे रुंद, कायमचे दोन येतात. मग बाजूची एकेक जोडी बदलत जाते आणि चार वर्षांच्या आसपास आठही दात बदलून होतात. चंद्रपूर-गडचिरोलीच्या धानपट्ट्यात हे ज्ञान शाळेत शिकवावं लागत नाही. बापाबरोबर बैलबाजारात दोनदा गेलेल्या पोरालाही ते येतं.

तोच माणूस एखाद्या सकाळी सात वर्षांच्या लेकीला घेऊन दवाखान्यात येतो, तेव्हा मात्र घाबरलेला असतो. "डॉक्टरसाहेब, मागून नवा दात येऊन राहिला, अन् जुना काही हालत नाही. दोन रांगा झाल्या पोरीच्या तोंडात." पोर तोंड उघडते. खालच्या पुढच्या दोन इवल्याशा पांढऱ्या दातांच्या मागे, जिभेच्या बाजूला, दोन मोठे दात हिरडी फोडून वर आलेले असतात. त्यांच्या धारेला करवतीसारखी बारीक तीन टोकं. घरात तोवर चर्चा झालेली असते. आजी म्हणते ओढून काढा, शेजारीण म्हणते हा अपशकुन, काका म्हणतो जबडा वाकडा होईल.

दातांच्या डॉक्टरांना हे दृश्य रोजचं आहे. वयाच्या सहाव्या-सातव्या वर्षी खालच्या पटाशीच्या दातांबाबत हे इतक्या मुलांमध्ये होतं, की त्याला आजार म्हणणंच चूक ठरेल. मला इथे एवढंच म्हणायचं आहे, की बैलाचं तोंड वाचणाऱ्या माणसाला मुलाचं तोंड वाचणं अवघड नाही. ते वाचता आलं तर नको तिथली घाई टळते, आणि हवी तिथे ती करता येते.

दुधाच्या दातांची पेरणी आईच्या पोटातच होते. गर्भ सहा आठवड्यांचा असताना त्यांचे अंकुर तयार व्हायला लागतात. मूल सहा ते दहा महिन्यांचं झालं की खालचे मधले दोन दात दिसतात आणि अडीच-तीन वर्षांपर्यंत वीस दात पूर्ण होतात. कायमचे दात बत्तीस. त्यांतले वीस दुधाच्या वीस दातांच्या जागी येतात आणि बारा दाढा मागच्या बाजूला, जबडा वाढेल तशा नव्या जागेत येतात. हा वीस आणि बाराचा फरक लक्षात ठेवावा, कारण पुढची सगळ्यात मोठी चूक त्यातूनच होते.

दुधाचा दात पडतो म्हणजे काय होतं? त्याच्याखाली कायमचा दात हाडात वाढत असतो. तो वर सरकायला लागला की त्याच्या भोवतीच्या आवरणातून संदेश जातात आणि दुधाच्या दाताचं मूळ विरघळवणाऱ्या खास पेशी कामाला लागतात. मूळ टोकाकडून झिजत वर येतं. शेवटी हिरडीला धरून उरतं ते नुसतं टोपण, आणि एके दिवशी भात खाता खाता तेही सुटतं. म्हणून पडलेला दुधाचा दात हातात घेतला तर त्याला मूळ दिसत नाही. खालून तो पोकळ, खडबडीत, वाटीसारखा असतो. तो पाहून कित्येक आया घाबरतात, दात तुटला आणि मूळ आतच राहिलं असं त्यांना वाटतं. आत काही राहिलेलं नसतं. शरीराने ते मूळ खाऊन टाकलेलं असतं.

आता दोन रांगांचं कारण. पुढच्या कायमच्या दाताचा अंकुर दुधाच्या दाताच्या बरोबर खाली नसतो. तो थोडा मागे, जिभेच्या बाजूला असतो. त्यामुळे मूळ आधी मागच्या अंगानेच झिजायला लागतं. वर येता येता नवा दात पुढे सरकला तर तो मुळाच्या नेमका खाली येतो आणि सगळं मूळ फस्त होतं. तो पुढे न सरकता सरळच वर चढला, तर मुळाची मागची बाजू तेवढी झिजते, पुढची शाबूत राहते. असा दात काढावा लागला तर त्याचं मूळ बोरूच्या टोकासारखं तिरकं छाटलेलं दिसतं. त्या उरलेल्या अर्ध्या मुळावर दुधाचा दात उभा असतो, म्हणून तो हलत नाही आणि नवा मागून डोकावतो.

आणखी एक गोष्ट आईबापांना चक्रावते. हलायला लागलेला दात पंधरा दिवसांनी पुन्हा घट्ट होतो. हा भास नाही. मूळ झिजण्याचं काम सलग चालत नाही. मध्ये विश्रांती असते, आणि त्या विश्रांतीत शरीर झिजलेल्या जागेची थोडी डागडुजीही करतं. मग पुन्हा झीज, पुन्हा थोडी डागडुजी. एकूण हिशेबात झीज जिंकते.

मग करायचं काय? खालचे पुढचे दात असतील, मूल सहा-सात-आठ वर्षांचं असेल आणि जुना दात थोडा तरी हलत असेल, तर घाई करू नये. मुलाला स्वच्छ हाताने आणि जिभेने तो हलवत राहायला सांगावं. पेरू, गाजर, ऊस, भाजलेलं कणीस पुढच्या दातांनी तोडून खाऊ द्यावं. जुना दात पडला की जीभ आपलं काम सुरू करते. बोलताना, गिळताना ती आतून सारखा हलका दाब देते आणि मागे उगवलेला दात काही महिन्यांत पुढे सरकतो. जागा पुरेशी असेल तर तो रांगेत येऊन बसतो, तारा लावाव्या लागत नाहीत. दाताला दोरा बांधून दाराला अडकवण्याचा उद्योग करू नये. अर्ध्या मुळावर घट्ट उभा असलेला दात हिसडल्यास मूळ मोडतं, हिरडी फाटते, आणि मूल पुढची दहा वर्षं दाताच्या डॉक्टरचं नाव काढलं की रडतं.

नवा दात अर्ध्याहून जास्त वर आला आणि जुना जराही हलत नाही, किंवा दोन-तीन महिने वाट पाहूनही फरक नाही, तर दाखवावं. हिरडी बधिर करून तो दात काढायला काही मिनिटं लागतात. वरच्या पुढच्या दातांच्या बाबतीत तर इतकीही वाट पाहू नये. वरचा कायमचा दात मागून, टाळूच्या बाजूने उतरला, तर तोंड मिटल्यावर तो खालच्या दातांच्या मागे अडकतो. मग जिभेने कितीही ढकललं तरी पुढचा खालचा दात त्याला बाहेर येऊ देत नाही. हा उलटा चावा एकदा बसला की तो सोडवायला उपचार लागतातच. खाली थांबता येतं, वर थांबू नये. एवढा एक फरक घरातल्या मोठ्यांनी लक्षात ठेवला तरी पुष्कळ आहे.

नवा दात दिसायला लागला की दुसरी तक्रार येते, तो पिवळा आहे. दुधाचे दात खरंच दुधासारखे पांढरे असतात. कायमच्या दाताच्या आतला थर पिवळसर असतो आणि तो बाहेरच्या कवचातून दिसतो, त्यामुळे दोन शेजारी शेजारी असताना नवा मळका वाटतो. ती करवतीसारखी टोकंही वापराने झिजून जातात. पण पिवळेपणा वेगळा आणि पट्टे वेगळे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या काही गावांच्या भूजलात फ्लोराइडचं प्रमाण जास्त आहे. कायमच्या दातांचं कवच जन्मापासून साधारण आठव्या वर्षापर्यंत हाडाच्या आत तयार होत असतं, आणि त्या काळात बोअरवेलचं असं पाणी पोटात गेलं तर दात बाहेर येतानाच खडूसारखे पांढरे किंवा तपकिरी पट्टे घेऊन येतो. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं. दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंतची मुभा भारतीय मानकात आहे. गावातल्या पुष्कळ मुलांचे नवे दात असे पट्टेरी येत असतील तर ती घासण्यातली हयगय समजून मुलांना रागावू नका, पाणी तपासून घ्या.

पडलेला दात उंदराच्या बिळात टाकायचा, किंवा शेणाच्या गोळ्यात घालून छपरावर फेकायचा, आणि उंदराकडे त्याच्यासारखा दात मागायचा, ही रीत आपल्याकडे घरोघरी होती, अजून आहे. मला ती फार आवडते. दात पडणं ही भीतीची गोष्ट न राहता देण्याघेण्याची होते. जीवशास्त्राच्या नजरेने बघितलं तर मागणी योग्य ठिकाणी केलेली आहे, कारण उंदराचे पुढचे दात मरेपर्यंत वाढत राहतात. फक्त दात पाडण्याचा अनुभव उंदराला नाही. त्याला दुधाचे दात येतच नाहीत, एकच संच घेऊन तो जगतो.

ज्याला दोन रांगांचा खरा अनुभव आहे असा प्राणी चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातच राहतो. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं, आणि आज चंद्रपूरचं नाव काढलं की लोकांना आधी वाघ आठवतो. वाघाच्या बछड्याचे सुळे बदलतात तेव्हा नवा सुळा जुन्याच्या शेजारून उतरतो आणि तो बराच खाली येईपर्यंत जुना जागा सोडत नाही. काही काळ दोन्ही सुळे शेजारी शेजारी दिसतात. ज्याचं जगणं सुळ्यावर अवलंबून, त्याला एक दिवसही बिनसुळ्याचं राहणं परवडणारं नसतं. माणसाच्या लेकराला महिनाभर बोळक्या तोंडाने हसता येतं. दोन रांगा मात्र दोघांच्याही वाट्याला येतात.

इथवरची गोष्ट काळजी न करण्याची होती. आता काळजी करण्याची. दुधाचा दात राहिला म्हणून जेवढं नुकसान होतं, त्याहून कितीतरी जास्त तो लवकर गेल्यामुळे होतं. "दुधाचाच तर आहे, पडणारच आहे," हे वाक्य मी शहरात ऐकलं आहे आणि खेड्यातही, शिकलेल्यांकडून आणि न शिकलेल्यांकडून. पुढच्या दातांपुरतं ते खरं असेल, पण दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांच्या वयापर्यंत राहायच्या असतात. पाचव्या वर्षी किडलेल्या दाढेला अजून पाच-सहा वर्षं नोकरी करायची असते. त्या दाढेची मुळं फाकलेल्या पायांसारखी असतात आणि त्या बेचक्यात तिच्या जागी पुढे येणाऱ्या कायमच्या दाताचा, म्हणजे उपदाढेचा, अंकुर बसलेला असतो. दुधाच्या दाढेत पू झाला की तो थेट या अंकुराच्या डोक्यावर उतरतो आणि कायमचा दात डागाळलेला, खड्डे पडलेला येऊ शकतो. दुखतेय म्हणून दाढ उपटून टाकली, तर मागची दाढ पुढे कलते, जागा बुजते, आणि उपदाढेला यायला वाटच उरत नाही. पुढे मूल तेरा-चौदा वर्षांचं झालं की दात वेडेवाकडे का आले, असं विचारत आईबाप येतात. उत्तर सहा-सात वर्षांपूर्वीच्या त्या उपटलेल्या दाढेत असतं. दाढ वाचवता येत असेल तर भरून वाचवावी. काढावीच लागली तर मोकळी जागा धरून ठेवणारी तारेची लहानशी चौकट बसवता येते, तिची चौकशी करावी.

आणि सगळ्यात मोठी चूक. सहाव्या वर्षी, दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे, एक मोठी दाढ निघते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, त्यामुळे ती आलेली कुणाच्या लक्षातच येत नाही. दिसलीच तर "ही पण दुधाचीच" असं समजून घर निर्धास्त राहतं. ती दुधाची नाही. वर सांगितलेल्या बारांतली ती पहिली, आणि जन्मभराची. तिच्या माथ्यावर खोल चिरा असतात, त्यांत अन्न अडकतं, मूल अजून नीट घासायला शिकलेलं नसतं, आणि आठव्या-नवव्या वर्षी तिला कीड लागते. बाहेरून नुसता काळा ठिपका दिसतो, आत पोखरलेलं असतं. चावण्याचा मोठा भार जिच्यावर, ती दाढ दुधाची समजून गमावलेली मुलं पाहिली की वाईट वाटतं, कारण तिची ओळख करून द्यायला एक मिनिट पुरलं असतं.

या दाढेचा इतिहासही सांगण्याजोगा आहे. इंग्लंडमध्ये १८३३ च्या कायद्याने कापड गिरण्यांत नऊ वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी आली. पण मुलाचं वय कळणार कसं? जन्माच्या नोंदी तिथे १८३७ साली सुरू झाल्या. आईबाप गरिबीपायी वय वाढवून सांगत. सुरुवातीला उंचीवरून वय ठरवत. मग एडविन सॉंडर्स या दंतवैद्याने सुमारे हजार मुलांची तोंडं तपासली आणि १८३७ मध्ये संसदेपुढे पुस्तिका मांडली. उंचीपेक्षा दात वयाचा भरवशाचा पुरावा देतात, असं त्याचं म्हणणं होतं. त्या काळी सांगितला जाणारा एक साधा नियम असा, की ही पहिली कायमची दाढ आलेली नसेल तर मूल सात वर्षांचं नाही. आपल्याकडे जन्मदाखला नसलेल्या मुलाला शाळेत घालताना हात डोक्यावरून घेऊन पलीकडचा कान धरायला लावत. तो धरता आला की पहिलीत नाव. गुरुजींनी हाताऐवजी तोंडात पाहिलं असतं तर वय जास्त नेमकं कळलं असतं, आणि दाढेची ओळखही झाली असती.

दातांचा हा पुरावा हजारो वर्षं टिकतो. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं, तेव्हा घरांच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावलेल्या दोन मडक्यांत पुरलेली लहान मुलं सापडली. इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० या काळातली ही वस्ती. त्या लेकरांची वयं संशोधकांनी दातांवरूनच काढली. कोणता दुधाचा दात आला होता, त्याचं मूळ किती झालं होतं, आत कायमच्या दाताचं टोपण कुठवर तयार झालं होतं, यावरून. बाळाच्या आजारपणाच्या आणि उपासमारीच्या खुणाही दाताच्या कवचावर आडव्या रेषा आणि खड्डे होऊन राहिल्या होत्या.

उपासमारीचा संबंध आपल्या विषयाशीही आहे. काही अभ्यासांत दिसलं, की लहानपणी कुपोषित राहिलेल्या मुलांचे दुधाचे दात उशिरा पडतात आणि कायमचे उशिरा येतात. मेळघाट असो की भामरागड, अशा मुलांचं दात बदलण्याचं वेळापत्रक पुस्तकातल्या तक्त्याच्या मागे असू शकतं. सात वर्षांच्या मुलाचा एकही दात पडला नाही म्हणून लगेच धास्ती घेऊ नये. वजन, उंची, हिमोग्लोबिन आधी बघावं. दात हा त्याच हिशेबाचा एक भाग आहे.

आता असे दुधाचे दात, जे खरोखर काही सांगत असतात. पहिला प्रकार, ज्यांच्याखाली कायमचा दातच नाही. काहींना जन्मतःच एखादा कायमचा दात नसतो. अक्कलदाढ सोडली तर खालची दुसरी उपदाढ आणि वरचा बाजूचा पटाशीचा दात यांच्या बाबतीत हे जास्त घडतं. नवा दात नसला तरी दुधाच्या दाताचं मूळ हळूहळू झिजतं, पण फार सावकाश. त्यामुळे तिशी-चाळिशीतही दुधाची दाढ घेऊन फिरणारी माणसं असतात आणि ती दाढ उत्तम चावते. एक्स-रे न काढता असा दात उपटणं म्हणजे हातचं घालवणं. कधी दाढ हाडालाच चिकटून बसते. शेजारचे दात वर वाढतात आणि ती खाली बुडाल्यासारखी दिसते. ती आपोआप पडेल याचा भरवसा नसतो, म्हणून तिच्यावर नजर ठेवावी लागते.

दुसरा प्रकार सुळ्यांचा. वरचा कायमचा सुळा नाकाच्या बाजूला, डोळ्याच्या खोबणीखाली फार उंचावर तयार होतो आणि कोणत्याही दातापेक्षा लांबचा प्रवास करून अकराव्या-बाराव्या वर्षी उतरतो. या प्रवासात शंभरातल्या साधारण दोघांचा सुळा वाट चुकतो आणि हाडातच अडकतो. वरून काही कळत नाही, फक्त दुधाचा छोटा सुळा चौदाव्या-पंधराव्या वर्षीही जागेवर असतो. वाट चुकलेला सुळा शेजारच्या दाताचं मूळसुद्धा खाऊ शकतो. त्यासाठी दहाव्या वर्षी एक काम घरी करता येतं. वरचा ओठ उचलून दुधाच्या सुळ्याच्या वर, गालाच्या बाजूने हिरडीवरून बोट फिरवा. आतल्या सुळ्याचा उंचवटा हाताला लागतो. दोन्ही बाजूंना लागला तर ठीक. एकाच बाजूला लागला, किंवा कुठेच नाही, तर डॉक्टरांना दाखवा. स्वीडनमधल्या एरिकसन आणि कुरोल यांनी १९८८ मध्ये दाखवून दिलं, की दहा ते तेरा वर्षांच्या वयात दुधाचा सुळा वेळेवर काढला तर टाळूकडे भरकटलेल्या ४६ सुळ्यांपैकी ३६ आपल्या वाटेवर परत आले. तीच गोष्ट अठराव्या वर्षी करायची तर शस्त्रक्रिया आणि तारा लागतात. इथे घाई हवी, आणि इथेच आपण थांबून राहतो.

तिसरा प्रकार दुर्मीळ, पण आपल्या विदर्भातलाच. २०१४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातला सतरा वर्षांचा एक मुलगा जबड्याला सूज घेऊन मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात पोहोचला. त्याच्या खालच्या जबड्यातल्या गाठीतून डॉक्टरांनी काही तासांच्या शस्त्रक्रियेत दातांसारखे २३२ लहानमोठे तुकडे काढले. दात तयार करणाऱ्या पेशींनीच बनवलेली ही साधी गाठ, कर्करोग नव्हे. अशा गाठी बहुधा लहान असतात आणि त्यांचं पहिलं लक्षण पुष्कळदा एवढंच असतं, की एका बाजूचा दुधाचा दात वेळेवर पडला आणि दुसऱ्या बाजूचा पडतच नाही. डावी-उजवी बाजू सहा महिन्यांहून जास्त मागेपुढे असेल तर एक एक्स-रे काढलेला बरा.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या आईबापांना एक सांगणं वेगळं. या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार पुष्कळ कुटुंबांत आहे. सिकलसेलच्या मुलांचे कायमचे दात उशिरा येत असल्याचं काही अभ्यासांत आढळलं आहे, पण ते दुय्यम. दात काढण्याआधी, इंजेक्शन घेण्याआधी, मुलाला सिकलसेल आहे हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा आणि सिकलसेलचं कार्ड दाखवा. संसर्ग, अंगातलं पाणी कमी होणं आणि भीतीचा ताण यांनी अशा मुलाला वेदनेचा झटका येऊ शकतो. आधी माहीत असलं तर डॉक्टर तशी तयारी करतात.

डॉक्टर कुठे, हा प्रश्न आहेच. गडचिरोली २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूरपासून वेगळा जिल्हा झाला. भामरागडहून नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय गाठायचं तर तीनशे किलोमीटरहून जास्त रस्ता. एका दुधाच्या दातासाठी कोण जाईल आणि कशाला जावं? म्हणूनच घरी काय थांबवायचं आणि काय दाखवायचं हे कळणं इथे शहरापेक्षा जास्त मोलाचं आहे. दाखवण्याची एक सोय मात्र दारात येते. २०१३ च्या फेब्रुवारीत पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येऊन मुलांची तपासणी करतात. दातांची तपासणी त्यात धरलेली आहे. पथक येईल त्या दिवशी मूल शाळेत हजर असेल एवढं बघा, आणि दाताबद्दल जे वाटतं ते गुरुजींना आधी सांगून ठेवा.

आश्रमशाळेतल्या मुलांचं काय, हे मला सगळ्यात जास्त खुपतं. पहिलीत आश्रमशाळेत नाव घातलं जातं ते वय सहा, आणि पहिली कायमची दाढ येते तेही सहा. पहिला दात हलतो तेव्हा लेकरू घरी नसतं. तोंडात दोन रांगा झाल्या तर ते कुणाला सांगायलाही लाजतं. शिक्षकांनी आणि अधीक्षकांनी महिन्यातून एकदा मुलांना ओळीने तोंड उघडायला लावलं, तर वर्गाचा एक तासही जाणार नाही.

आणि घरच्यांनी एवढं करावं. दिवाळीच्या सुटीत मूल घरी आलं की दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला अंगणात उन्हाकडे तोंड करून बसवा. डोकं मांडीवर घ्या. पुढचे दात हलवून बघा, मागे नवा दात आहे का पाहा. मग गाल बाजूला करून शेवटपर्यंत बघा. दुधाच्या दोन दाढांच्या मागे तिसरी मोठी दाढ उगवली असेल, तर तिच्यावर मुलाचं बोट टेकवा आणि त्याला सांगा, ही म्हातारपणापर्यंतची आहे, उद्यापासून ब्रश इथवर न्यायचा.